करवंटी, कणसाची सालं आणि लग्नपत्रिका

पांढुर्णा-सौंसर भागातल्या जामसांवलीच्या मंदिरात हनुमान पिंपळाखाली पहुडलेला आहे. हनुमंताला नारळ वाहिला की खोबरं प्रसादात जातं आणि करवंटी मागे उरते. याच भागात मक्याच्या कणसाची सालंही फुकटच मिळतात. भिंतीवरच्या सजावटीला यापेक्षा स्वस्त माल नाही.

सालं : आतली, पातळ, पांढरट घ्या. कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवली की वाकतात. हळदीच्या किंवा बिटाच्या पाण्यात रंगवून जाड वहीखाली दाबून वाळवा. मग पाकळ्या कापा. बिटाचा रंग उन्हात लवकर उडतो, हळदीचाही. पक्का हवा असेल तर कपड्याचा रंग वापरा.

करवंटी : शेंड्या काढून काचपेपरने घासा, शेवटी खोबरेल चोळा. चकाकी येते. तुकडे कापायला लोखंडी करवतीचं पातं चालतं. धूळ उडते, नाकाला रुमाल बांधा.

पाठीमागची फळी : जुन्या लग्नपत्रिकांचे तीन-चार पुठ्ठे एकमेकांवर चिकटवा, वरून बारदान. पत्रिकेवरचा गणपती रद्दीत टाकायला हात धजत नाही; तो कापून मधोमध लावा, प्रश्नच मिटला.

डिंक : मैद्याची खळ पुरते. बुकबाइंडर कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालतात. ते विषारी आहे. घरात लेकरं असतील तर टाळा.

पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवर हे टांगू नका. सालांना बुरशी लागते.