आजींचा व्हिडिओ कॉल आणि मधला ऊस

राहुरी तालुक्यातल्या एका आजींचे हृदय थकले आहे. दर वेळी एसटीने येणे झेपत नाही, म्हणून मधल्या काळात मी त्यांना व्हिडिओवर बघतो. मला दोनच गोष्टी नीट दिसायला हव्या असतात: बोलताना लागणारा दम आणि पायावर बोट दाबल्यावर राहणारा खड्डा. परवा नातवाने बोट दाबले आणि नेमके तेव्हाच चित्र गोठले.

फायबरचे कनेक्शन गावातल्या घरी. आजी अडीचशे मीटरवर मळ्यात. मध्ये विहिरीच्या खोलीत नातवाने रिपीटर लावला होता. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि तेच पुढे बोलतो, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो. जाड भिंतीपलीकडच्या खोलीसाठी तो ठीक, मळ्यासाठी नाही.

अंतर शंभर मीटरच्या आत असेल आणि चर खणता येत असेल, तर सरळ नेटवर्क केबल टाकावी. त्यापुढे फायबर, नाहीतर वायरलेस ब्रिजची जोडी, म्हणजे खांबांवर समोरासमोर रोखलेले दोन डबे. ते उन्हापावसात टिकणारे आणि 5 गिगाहर्ट्झवर चालणारे घ्यावेत, 2.4 वर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वायफायची गर्दी असते. खोक्यावरच्या ‘पाच किलोमीटर’ला भुलून जास्त पैसे मोजू नका. मळ्याकडच्या डब्यातून केबल घरात आणून तिथे साधा राऊटर ‘ॲक्सेस पॉइंट’ म्हणून लावायचा.

आपल्याकडे खरा अडथळा उसाचा. लागणीच्या वेळी समोरचा खांब स्वच्छ दिसतो; पुढे ऊस दहा-बारा फूट वाढतो आणि पाल्यातले पाणी लहरी शोषते. नुसती नजर पोहोचून भागत नाही. अडीचशे मीटरवर मधोमध त्या रेषेभोवती पावणेदोन-दोन मीटर मोकळे हवे. म्हणजे डबे अठरा-वीस फुटांवर. नातवाने मोजणी केली होती ती तोडणीनंतरच्या मोकळ्या रानात!

सूनबाईंनी विचारले, ‘डॉक्टर, या लहरींनी कॅन्सर तर नाही ना होणार?’ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2011 मध्ये रेडिओलहरींना 2बी गटात टाकले, म्हणजे पुरावा तोकडा, पण शक्यता पूर्ण नाकारलेली नाही. त्याच गटात आशियाई पद्धतीच्या लोणच्याच्या भाज्याही आहेत. लहरींचा जोर अंतराबरोबर झपाट्याने घटतो. खांबावरच्या डब्यापेक्षा कानाला लावलेला मोबाइल कितीतरी जवळ. मला धास्ती शिडीची आणि खांबाजवळून जाणाऱ्या विजेच्या तारांची. शिडीवरून पडलेले रुग्ण मी वॉर्डात बरेच पाहिले आहेत. खांबाला अर्थिंग करा, आणि आभाळ गडगडत असताना वर चढू नका.

लोडशेडिंगसाठी बॅटरी दोन्ही टोकांना हवी. एकीकडेच असली तर कॉल बंदच.

नवी जोडी बसल्यावर पहिल्याच कॉलमध्ये आजींच्या नडगीवरचा खड्डा स्पष्ट दिसला. दम मात्र वाढलेला नव्हता. लघवीची गोळी वाढवली आणि रक्त तपासायला सोमवारी बोलावले. आडवे झाल्यावर गुदमरले किंवा छातीत दुखले, तर कॉलची वाट न पाहता 108 ला फोन करायचा, हे नातवाकडून दोनदा म्हणवून घेतले.