जिल्हे बदलले, पाटीवरचे नाव टिकले

उदगीरच्या ऐंशी वर्षांच्या माणसाला त्याचा जिल्हा विचारा. जन्म बीदर जिल्ह्यातला, शाळा उस्मानाबाद जिल्ह्यातली आणि म्हातारपण लातूर जिल्ह्यातले. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत उदगीर, अहमदपूर, निलंगा हे बीदरचे तालुके उस्मानाबादला जोडले गेले. १९८२च्या ऑगस्टमध्ये लातूर वेगळा जिल्हा झाला. गाव मात्र जागचे हलले नाही.

त्याच उदगीरमध्ये श्यामलाल स्मारक विद्यालय आहे. भाई श्यामलाल हे इथले आर्य समाजी कार्यकर्ते. १९३८च्या डिसेंबरात बीदरच्या तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा उदगीर बीदर जिल्ह्यातच होते. जिल्ह्याचे नाव दोनदा पुसले गेले, त्यांचे नाव शाळेने जपले. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

निजामाच्या राज्यात सरकारी शाळेत जोर उर्दूचा. खासगी शाळा काढायची तर परवानगीसाठी खेटे घालावे लागत. अशा काळात, १९२१ मध्ये, हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा उभी राहिली. १९२९ मध्ये तिथे व्यंकटेश खेडगीकर नावाचे तरुण शिक्षक आले. त्यांनी १९३२ मध्ये संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. पुढे अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा त्यांनी घडवली आणि मग हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व केले. मराठवाड्याचा हा नेता आधी मास्तर होता, हे विसरून चालणार नाही.

मुक्तीनंतर दोनच वर्षांत, १९५० मध्ये, नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले. त्यामागेही स्वामीजी होते. प्रतिभा निकेतन शाळेत शिकवणारे नरहर कुरुंदकर पुढे याच कॉलेजचे प्राचार्य झाले.

१९९४ साली १४ जानेवारीला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव मिळाले. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, मुक्तिदिनी, नांदेडला नवे विद्यापीठ झाले. लातूरची कॉलेजेही त्याच्याकडे आली. त्याचे नाव स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. आज मुले त्याला 'स्वारातीम' म्हणतात. अर्ज भरताना ते सोयीचे आहे, पण त्यात माणूस हरवतो.

मुख्याध्यापकांनो, येत्या १७ सप्टेंबरला झेंडावंदनानंतर पाच मिनिटे थांबा. आपल्या पाटीवरचे नाव कुणाचे, ते मुलांना सांगा.