पाचशेचे पंधराशे होण्याआधी

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

कोर्टात निघण्याच्या घाईत होतो, तेवढ्यात दारात एक निवृत्त गुरुजी येऊन उभे राहिले. अंबाजोगाईत निम्म्या गावाला त्यांनी शिकवलेले असल्यामुळे "नंतर या" म्हणायची सोय नव्हती. त्यांनी खिशातून मोबाइल काढून माझ्या हातात दिला. "वकीलसाहेब, जरा बघा. मी त्या शहरात पाऊल ठेवलेलं नाही, गाडी माझ्या अंगणात उभी आहे, अन् दंड मात्र चालू आहे."

मोबाइलवर दोन चलाने होती. दोन्ही त्यांच्या एमएच ४४ च्या गाडीची, म्हणजे आपल्या अंबाजोगाईच्याच पाटीची, आणि दोन्ही इथून एस.टी.ने रात्रभराच्या अंतरावर असलेल्या एका मोठ्या शहरातली. गुन्हा एकच, नो-पार्किंग. पहिले चलान पाचशे रुपयांचे होते, दुसरे पंधराशेचे. पहिले त्यांनी मुलाकडून भरून घेतले होते. "पाचशे रुपयांसाठी कुठं भांडत बसायचं, म्हटलं," गुरुजी म्हणाले.

मंडळी, या वाक्यासाठीच आज मी बोलतो आहे. आपली चूक असेल तर दंड भरावा, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. मंडी बाजारात गाडी आडवी लावून "दोन मिनिटांत आलो" म्हणणारे आपणच असतो. पण चूक नसताना कटकट नको म्हणून पैसे भरणारे पुष्कळ आहेत, आणि कटकट खरी तिथूनच सुरू होते.

पाचशेचे पंधराशे कसे झाले ते आधी पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम १७७ मध्ये किरकोळ नियमभंगाला पहिल्या वेळी शंभर आणि पुढच्या प्रत्येक वेळी तीनशे रुपयांपर्यंत दंड होता. २०१९ च्या दुरुस्तीने तो पाचशे आणि पंधराशे झाला. महाराष्ट्रात वाढीव दर डिसेंबर २०२१ पासून लागू झाले. म्हणजे त्याच गाडीच्या नावावर आधीचा गुन्हा दिसला की पुढचे चलान तिप्पट दराने निघू शकते. गुरुजींनी न केलेल्या गुन्ह्याचे पैसे भरून आपल्या गाडीच्या खात्यावर तो पहिला गुन्हा स्वतःच्या हाताने बसवला होता. तडजोड शुल्क भरणे म्हणजे न्यायालयात दोषी ठरणे नव्हे, असा युक्तिवाद वकील करू शकतो. मलाही तो करायला आवडेल. पण तो करायला कोर्टात जावे लागते, आणि गुरुजींना नेमके तेच टाळायचे होते.

कोणते कोर्ट, हाही प्रश्न आहेच. गुन्हा जिथे घडला म्हणतात, खटला सर्वसाधारणपणे तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतो. गाडी अंबाजोगाईची असली तरी खटला त्या शहरात. पंधराशे रुपयांसाठी एस.टी.चे जाण्यायेण्याचे भाडे, राहणे, वकिलाची फी, आणि तारीख पुढे गेली तर पुन्हा तेच. न्याय मिळेलही, पण दंडापेक्षा महाग पडेल. म्हणून हरकत घ्यायची ती प्रकरण कोर्टात जाण्याआधी, ज्या वाहतूक शाखेने चलान केले तिच्याकडे. त्या टप्प्यावर घरबसल्या काम होते.

गुरुजींनी चलानावरचा फोटो मोठा करून पाहिलाच नव्हता. पहिली गोष्ट करायची ती हीच. संदेशातला आकडा पाहून आपण घाबरतो आणि फोटो उघडत नाही. मी उघडला. पाटीवरचा क्रमांक गुरुजींचाच होता, पण गाडी स्कूटर होती, आणि गुरुजींकडे आहे काळी मोटारसायकल, मागे लोखंडी कॅरिअर असलेली. कुणीतरी त्यांचा क्रमांक रंगवून फिरत होते. कधी असे नसते. कॅमेऱ्याने किंवा माणसाने ३ चा ८ वाचलेला असतो. कधी गाडी आपलीच असते, पण तिथे नो-पार्किंगचा फलकच नसतो. अशा वेळी त्या जागेचा, आजूबाजूचे दुकान दिसेल असा फोटो लगेच काढून ठेवावा. महिन्याने तिथे फलक उभा राहिलेला असतो, हा माझा अनुभव.

राज्यभर 'एक राज्य, एक चलान' ही पद्धत २०१९ मध्ये आली. तेव्हापासून चलानाचा कागद हातात पडत नाही, पण फोटो, तारीख, वेळ आणि ठिकाण वाहतूक पोलिसांच्या ई-चलानच्या संकेतस्थळावर दिसते. तिथेच तक्रार नोंदवण्याचीही सोय आहे. कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांच्या आत पाठवावी, असे केंद्रीय नियमांत २०२१ मध्ये घातले गेले. नियम बदलत राहतात, म्हणून चलानावर किंवा नोटिशीवर मुदत दिली असेल तर ती सर्वांत आधी वाचावी. फोटो कुणी आणि कशाने काढला, हेही विचारता येते. जुलै २०२५ मध्ये मालवाहतूकदारांच्या आंदोलनाच्या सुमारास, पोलिसांनी स्वतःच्या खासगी मोबाइलवर फोटो काढून चलान करू नये, असा आदेश राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या वरिष्ठांनी काढला होता.

एक सावधगिरी इथेच सांगतो. चलानाच्या नावाने खोटे संदेशही येतात. "खालची फाइल उतरवून घ्या" असे संदेशात लिहिले असेल तर बोट लावू नका. सरकारी संकेतस्थळ स्वतः उघडून गाडीचा क्रमांक टाका. तिथे चलान असेल तर ते खरे. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर तातडीने कळवा.

मग आम्ही तक्रार लिहायला बसलो. गुरुजींनी आधी स्वतः लिहून आणली होती, चार पाने. त्यात प्रशासनाची घसरण, जुन्या काळचे फौजदार असे सगळे होते. मी ती एका पानावर आणली. चलान क्रमांक, तारीख, वेळ. फोटोतील वाहन स्कूटर आहे, माझे वाहन मोटारसायकल आहे. सोबत आरसीची प्रत, गाडीचे चारही बाजूंनी काढलेले फोटो. त्या दिवशी गाडी अंबाजोगाईत असल्याचा पुरावा म्हणून गॅरेजची तारखेची पावती मिळाली, हे नशीब. पेट्रोलची पावती, दवाखान्याचा कागद, दुकानाच्या कॅमेऱ्यातले चित्रण, काहीही चालते. मात्र चित्रण थोड्या दिवसांत पुसले जाते, तेव्हा लवकर मागावे. शेवटी एकच मागणी: चलान रद्द करावे. पंधराशेच्या चलानात एक मुद्दा वेगळा घातला. पहिला गुन्हाच माझा नाही, तर हा दुसरा कसा? तक्रार संकेतस्थळावर नोंदवली, तिचा क्रमांक वहीत लिहिला, आणि तीच स्पीड पोस्टाने त्या वाहतूक शाखेला पाठवून पावती जपून ठेवली.

दुसरा अर्ज इथल्या पोलीस ठाण्यात दिला, आपल्या क्रमांकाची बनावट पाटी वापरली जात असल्याचा. गुरुजींना तो अनावश्यक वाटत होता. मी म्हणालो, आज त्या स्कूटरने नो-पार्किंग केले, उद्या कुणाला उडवून पळाली तर पोलीस कुणाच्या दारात येतील? तेव्हा त्यांनी मुकाट्याने सही केली.

सगळ्यांची बाजू इतकी स्वच्छ नसते. वडिलांच्या नावावरची गाडी मुलगा पुण्याला घेऊन जातो आणि चलाने वडिलांच्या मोबाइलवर येतात. "मी चालवत नव्हतो" एवढे म्हणून भागत नाही. कलम १३३ प्रमाणे पोलिसांनी विचारल्यावर चालक कोण होता हे मालकाला सांगावे लागते. त्याहून वाईट अवस्था गाडी विकलेल्यांची. शंभर रुपयांच्या स्टँपवर लिहून दिले, पैसे घेतले, चावी दिली, विषय संपला, असे आपल्याकडे मानतात. आरटीओच्या दप्तरी नाव बदलेपर्यंत तो संपत नाही. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत नमुना २९ मध्ये कळवायचे असते. दप्तरी ज्याचे नाव तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अपघाताच्या एका प्रकरणात स्पष्ट म्हटले आहे. चार वेळा विकली गेलेली गाडीही पहिल्याच्याच गळ्यात पडू शकते.

आता लोकअदालत. सप्टेंबर २०२१ मध्ये राज्यात लाखो मोबाइलवर लोकअदालतीच्या नोटिसा आल्या, तेव्हा पुष्कळांना वाटले की आता वॉरंटच निघाले. ती दाखलपूर्व नोटीस असते, म्हणजे खटला अजून कोर्टात दाखलही झालेला नसतो. लोकअदालत दोन्ही बाजूंच्या संमतीने मिटवते; ती कुणाला दोषी ठरवत नाही. चूक आपली असेल आणि थकबाकी मोठी असेल तर जरूर जावे. पण तिथे मिटले की त्यावर अपील नाही. "गाडी माझी नव्हती" असे म्हणणे असेल तर ते लेखी द्यावे आणि ते मान्य होत नसेल तर तडजोडीला नाही म्हणावे. तो आपला हक्क आहे.

त्यानंतरही प्रकरण पुढे गेले तर समन्स येते, किंवा आभासी न्यायालयाचा संदेश. महाराष्ट्रात असे न्यायालय २०२० मध्ये नागपूर जिल्ह्यातील काटोलला सुरू झाले. तिथे दोन पर्याय दिसतात, दंड भरणे किंवा प्रकरण लढवणे. लढवणे निवडले की प्रकरण नेहमीच्या न्यायालयाकडे जाते. तिथे मुदतीचा मुद्दा विसरू नये: ज्या गुन्ह्याला फक्त दंडाचीच शिक्षा आहे, त्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांत घ्यायची असते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ४६८ होते, १ जुलै २०२४ पासूनच्या नागरिक सुरक्षा संहितेत ते ५१४ आहे. याचा अर्थ सहा महिन्यांनी चलान आपोआप पुसले जाते असा कुणी घेऊ नये. उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, आणि हा मुद्दा आपणच मांडायचा असतो. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि कमी उत्पन्न असलेल्यांना मोफत वकील मिळतो.

गुरुजींना दोन महिन्यांनी संदेश आला. पंधराशेचे चलान रद्द झाले होते. भरलेल्या पाचशेबद्दल मात्र अजून उत्तर नाही. पेन्शन काढायला बँकेत आले की ते माझ्याकडे डोकावतात, चहा घेतात, आणि तिसऱ्या स्मरणपत्राचा मसुदा पुढे ठेवतात. तो अजूनही दोन पानांचा असतो.