ऑस्लरांच्या घराची किल्ली

बाल्टिमोरच्या वेस्ट फ्रँकलिन स्ट्रीटवरचे 1 क्रमांकाचे घर डॉ. विल्यम ऑस्लर यांचे. शेजारच्या 3 क्रमांकात राहणाऱ्या हार्वे कुशिंग, हेन्री बार्टन जेकब्ज आणि थॉमस फुचर या तरुण डॉक्टरांकडे त्याची किल्ली असे. केव्हाही यावे, कपाटातले पुस्तक काढावे, वाचत बसावे. शनिवारी संध्याकाळी शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी जमत. आधी आठवड्यातल्या रुग्णांविषयी बोलणे होई. मग ऑस्लर एखादा जुना ग्रंथ काढून त्याच्या कर्त्याची हकिगत सांगत. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात तर 1890पासूनच वैद्यकाच्या इतिहासाचे मंडळ भरत होते, आणि ऑस्लर त्याच्या संस्थापकांपैकी होते.

वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने व्याख्याने, प्रदर्शने, वाचनसभा कशाला भरवाव्यात, असे विचारणाऱ्यांनी या बैठकींचे पुढे काय झाले ते पाहावे.

ऑस्लर 1905मध्ये ऑक्सफर्डला गेले. नॉरहॅम गार्डन्समधल्या त्यांच्या घरीही पाहुण्यांचा राबता तसाच राहिला. 1917मध्ये एकुलता मुलगा रेव्हिअर महायुद्धात पडला. दोन वर्षांनी, 29 डिसेंबर 1919 रोजी ऑस्लरही गेले. सुमारे आठ हजार ग्रंथांचा संग्रह त्यांनी माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाला दिला. तिथेच 1872मध्ये ते डॉक्टर झाले होते. संग्रहाची सूची पूर्ण व्हायला जवळपास दहा वर्षे लागली. ग्रंथालय 1929मध्ये उघडले आणि ऑस्लरांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या अस्थी त्याच दालनात, त्यांच्या ग्रंथांच्या सोबतीला ठेवल्या गेल्या.

विशेष म्हणजे ग्रंथ पोहोचण्याआधीच माणसे जमली होती. मॅकगिलच्या विद्यार्थ्यांनी 1921मध्येच ऑस्लर सोसायटी काढली होती. विद्यार्थ्यानेच विषय निवडायचा, जुने कागद धुंडाळायचे, निबंध लिहायचा आणि सर्वांसमोर वाचायचा, ही तिथली रीत. वर्षातून एकदा सहभोजन होते. ग्रंथालयाच्या ऑस्लर दिनी व्याख्यान होते, विद्यार्थ्यांच्या निबंधस्पर्धेचे वाचन होते. पहिले ग्रंथपाल डब्ल्यू. डब्ल्यू. फ्रान्सिस हे ऑस्लरांच्या नात्यातले. आल्यागेल्याला ते दालन हौसेने दाखवीत. 1965मध्ये महाविद्यालयाच्या नव्या इमारतीत ग्रंथालय हलले, तेव्हा ते जुने दालनही तिथे जसेच्या तसे पुन्हा उभारण्यात आले. जुलै 2018मध्ये त्या इमारतीच्या छताला आग लागली, संग्रह बाहेर काढावा लागला. तरी ग्रंथालय तगले, कारण त्याला आपले मानणारी माणसे कित्येक पिढ्यांत घडत आली होती.

किल्लीवाल्यांपैकी जेकब्ज यांनी आपला संग्रह हॉपकिन्सच्या वेल्च ग्रंथालयाला दिला. कुशिंग मेंदूच्या शस्त्रक्रियेतले अग्रणी झाले. त्यांनी लिहिलेल्या ऑस्लरचरित्राला 1926मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले. आपल्याबरोबर जॉन फुल्टन आणि आर्नोल्ड क्लेब्स या मित्रांचेही ग्रंथ त्यांनी येल विद्यापीठाकडे वळवले, आणि 1941मध्ये तिथे वैद्यकाच्या इतिहासाचे ग्रंथालय उघडले. कुशिंग यांनी जमवलेले रुग्णांच्या मेंदूंचे नमुने मात्र पुढे वसतिगृहाच्या तळघरात धूळ खात पडले. 1990च्या दशकात विद्यार्थीच कुतूहलाने तिथे उतरत. तेच नमुने रुग्णांच्या छायाचित्रांसह 2010पासून येलच्या वैद्यकीय ग्रंथालयातल्या कुशिंग सेंटरमध्ये मांडले आहेत, आणि ते बाहेरच्या लोकांनाही पाहता येतात. एके काळी शस्त्रक्रियेच्या टेबलावर असलेल्या माणसाचा चेहरा आता नागरिकासमोर येतो.

म्हणजे एका घरातल्या गप्पांतून तीन विद्यापीठांच्या ग्रंथालयांना संग्रह मिळाले. आज नियतकालिके पडद्यावर आली आहेत, कपाटे रिकामी होत आहेत, आणि जागेची गरज कुठे, असे हिशोब मांडले जात आहेत. त्या हिशोबात एक बाब सुटते. अभ्यासक्रम विद्यार्थ्याला रोग शिकवतो. आपल्या शास्त्राने कुठे चुका केल्या, कोणी धीर धरला, उपचार घेणाऱ्याला काय सोसावे लागले, हे त्याला निवांत ऐकायला, विचारायला जागा लागते. तिथे शिक्षक, विद्यार्थी आणि शेजारचा नागरिक एका रांगेत बसतात. वॉर्डात तसे कधी घडत नाही. म्हणून व्याख्यानाची संध्याकाळ ही ग्रंथालयाची हौस नव्हे. नियतकालिकांच्या वर्गणीइतकीच तिचीही तरतूद दरवर्षी झाली पाहिजे.