पाळी चुकली, हे ती आधी कुणाला सांगेल?

गटाच्या बैठकीत कर्जाच्या हप्त्यावर आपण तासभर बोलतो. आजचा विषय मात्र निघालाच तर दार लोटून, हळू आवाजात निघतो. कोवळ्या वयातले शरीरसंबंध. 15-16 वर्षांच्या पोरापोरींचे.

"आमच्याकडे असलं काही नाही," असं आपण म्हणतो. आणि त्याच धास्तीनं मुलीला दहावीच्या आत उजवून टाकतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या दर 100 बायकांमागे जवळजवळ 22 जणींचं लग्न 18 पूर्ण व्हायच्या आत झालेलं आढळलं. आता सांगा, मंगळसूत्र घातलं म्हणून 16 व्या वर्षीचं अंग बाळंतपणाला तयार होतं का? शरीराला अक्षता कळत नाहीत.

या वयात कमरेची हाडं पुरती वाढलेली नसतात, म्हणून बाळंतपण अडू शकतं. रक्त बहुतेकींचं आधीच कमी. दिवस गेले की रक्तदाब चढून झटके येण्याची, बाळ कमी वजनाचं होण्याची भीती मोठ्या बाईपेक्षा जास्त. संबंधांतून येणारे आजार मुलग्यांनाही होतात; लघवीला जळजळ होते, जखम होते, आणि ते तर मित्रालाही सांगत नाहीत. गर्भपिशवीच्या तोंडाचा कर्करोग ज्या विषाणूमुळे होतो, तोही असाच येतो. त्याची लस 9 ते 14 या वयात सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

पण आमच्या मते खरा घात होतो तो लपवण्यात. पाळी चुकते. पोरगी एक महिना मोजते, मग दुसरा. जेवण तुटतं, पुस्तक उघडं राहतं पण वाचलं जात नाही. त्या मुलानं मोबाइलवर फोटो काढून ठेवला असेल तर त्याचा धाक वेगळाच. (फोन हिसकावून घेतला की ती आणखी गप्प होते, एवढं ध्यानात असू द्या.) मग मैत्रिणीच्या सांगण्यावरून मेडिकलमधून गोळ्या येतात, रक्त जात राहतं आणि ती अंगावर काढते. एखादी जीव द्यायच्या विचारापर्यंत जाते.

म्हणून तिनं तोंड उघडलं तर "कोण तो?" हा पहिला प्रश्न नको. आधी जवळ बसवा. आशाताईंकडे गर्भ तपासायचं किट असतं. संबंध येऊन तीन दिवस व्हायच्या आत दवाखाना गाठला तर गर्भ राहू नये म्हणून गोळी मिळते. दिवस गेलेच असतील तर कायद्यानं 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतानं आणि अल्पवयीन मुलीसाठी 24 आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मतानं गर्भपात करता येतो. पालकाची लेखी संमती लागते.

"पोलिसांत जाईल" या भीतीनं घरचे दवाखाना टाळतात. 18 च्या आतल्या मुलीची संमती कायदा धरत नाही, नवऱ्याच्या बाबतीतही नाही. त्यामुळे डॉक्टरांना कळवावं लागतं, हे खरं. पण सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये सांगितलं आहे, की गर्भपातासाठी आलेल्या मुलीनं आणि तिच्या पालकानं विनंती केली तर कळवताना डॉक्टरांनी तिचं नाव देण्याची गरज नाही. ही विनंती न लाजता करा.

मुलांसाठीचा 1098 हा फोन फुकट आहे, रात्रीही लागतो. गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पोरींनाच नाही, पोरांनाही सांगा.