सोबत्यांना मागे न ठेवणारा जवान



आपल्या नागपूर भागाला फौज नवी नाही. कामठीची छावणी १८२१ सालची. गार्ड्स रेजिमेंटचे केंद्रही तिथेच. गणवेशातला माणूस बाजारात दिसला तर कोणी वळून बघत नाही. पण नोकरी संपवून घरी आलेल्या जवानाचे पुढे काय होते, याची विचारपूस आपण फारशी करत नाही. म्हणून आज एका मराठी जवानाची आठवण.

नामदेव जाधव हे नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील निमजचे. जन्म १९२१ चा. दुसऱ्या महायुद्धात ते पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई होते. काम निरोप्याचे, म्हणजे कंपनी कमांडरच्या जवळ राहून निरोप पोचवायचे.

९ एप्रिल १९४५ च्या संध्याकाळी इटलीत सेनिओ नदीवर हल्ला झाला. नदी म्हणजे बघा, १५ फूट रुंद, ४ ते ५ फूट खोल. आपल्याकडचा एखादा मोठा पाटच म्हणा. पण दोन्ही अंगांचे बांध ३० ते ३५ फूट उंच, सरळसोट. बांधात जर्मनांनी मोर्चे खणलेले आणि पूर्वेच्या बांधाला पाण्याच्या कडेने सुरुंग पेरलेले.

नदी पार करताच मागच्या बांधातून गोळीबार सुरू झाला. कमांडर व दोन शिपाई जखमी झाले. बाकीचे ठार. धडधाकट उरले एकटे नामदेव, वय अवघे २३. त्यांनी एका जखमी सोबत्याला उचलले, पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून बांधावर चढवले आणि सुरक्षित जागी पोचवले. मग परत जाऊन दुसऱ्यालाही आणले. तिसऱ्या खेपेला ते मशीनगनवरच चालून गेले. हाताला गोळी लागली, बंदूक चालवता येईना, तेव्हा ती टाकून हातबॉम्ब घेतले. असे तीन मोर्चे त्यांनी बंद पाडले. शेवटी तोफगोळे पडत असतानाच बांधाच्या माथ्यावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना केली व मागच्यांना हात करून पुढे बोलावले.

या कामगिरीबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढे ते हवालदार झाले. २ ऑगस्ट १९८४ रोजी त्यांचे निधन झाले.

हातबॉम्बच्या पराक्रमाइतकेच मोल त्या पहिल्या दोन खेपांचे आहे. पडलेल्या माणसाला तिथेच सोडून यायचे नाही, हाच कुटुंब सांभाळणाऱ्याचाही धर्म. आणि जवान सीमेवर असतो तेव्हा घरची पेरणी, पोरांची शाळा, म्हाताऱ्यांचे औषध या खेपा त्याची कारभारीण घालत असते. तिला पदक नसते.

निदान तिचा हक्क तरी बुडू नये. आपल्या सभासदांत जे माजी सैनिक आहेत त्यांनी एक काम अंगावर घ्यावे. डिस्चार्ज बुक व पेन्शनचे कागद काढून बघावेत. पत्नीचे नाव व जन्मतारीख पलटणीच्या दप्तरी आणि आधार कार्डावर सारखी आहे ना, हे पडताळावे. फरक असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन हयातीतच दुरुस्ती करून घ्यावी. माणूस गेल्यावर त्या एका अक्षरापायी बाईला हेलपाटे पडतात. कागद कुठल्या पेटीत ठेवले, हेही घरात सांगून ठेवावे.

शेजारी एखादा म्हातारा फौजी असेल, तर ऊसतोड आटोपल्यावर त्याच्याकडे घटकाभर बसा. पोरांनाही सोबत न्या.