कुंडलचे कॅप्टन भाऊ



आपल्याकडे घरातल्या थोरल्याला नावाने हाक मारीत नाहीत, भाऊ म्हणतात. कुंडलच्या रामचंद्र श्रीपती लाड यांना मात्र अख्खा गाव भाऊ म्हणे, आणि अगोदर 'कॅप्टन' लावी. ही कॅप्टनकी कुण्या सरकारने दिलेली नव्हे, ती तुफान सेनेची. २२ जून १९२२ चा जन्म, ५ फेब्रुवारी २०२२ ला भाऊ गेले. शंभरी चार-साडेचार महिन्यांवर राहिली.

क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे सशस्त्र दल म्हणजे तुफान सेना. जी. डी. बापू लाड तिचे म्होरके, आणि प्रत्यक्ष रानात पोरांच्या पुढे भाऊ. कुंडल तेव्हा औंध संस्थानात होते, त्यामुळे ब्रिटिश पोलिसांना तिथे सरळ हात घालता येत नसे. त्याचा फायदा या मंडळींनी पुरेपूर उठवला.

७ जून १९४३. कऱ्हाड तालुक्यातील शेणोलीजवळ सरकारी पगाराची रोकड नेणारी गाडी अडवायची होती. बंदुका नव्हत्याच. काठ्या, कोयते अन् दोन-तीन गावठी बॉम्ब. आधी रुळावर धोंडे रचून गाडी थांबवली. मग मागेही धोंडे टाकले, म्हणजे गाडीला उलटं पळता येऊ नये. शेतकऱ्याच्या पोरांनाच सुचावं असं हे काम! बंदूकवाला गार्ड घाबरला. रोकड घेऊन गडी पसार झाले.

या घटनेला कुणी 'लूट' म्हटले की भाऊंना खपत नसे. पैसा रयतेचाच, इंग्रजांनी तो नेला होता, आम्ही परत आणला, असं ते नव्वदी उलटल्यावरही ठणकावून सांगत. आम्हांला हा नुसता शब्दांचा वाद वाटत नाही. रोकड प्रतिसरकारमार्फत गरजू कुटुंबांकडे गेली, हे त्यांच्या म्हणण्यामागचे बळ होते. आपणही वजनकाट्यावर, हिशेबात हेच विचारतो ना, की पैसा कुणाचा अन् गेला कुठं?

'पत्री' नावाचीच चर्चा जास्त होते. पण भांडणतंटे गावातच मिटवणे, सावकाराला वेसण घालणे, थोड्या खर्चात 'गांधी लग्ने' लावणे ही त्या सरकारची खरी कामे. पोरीच्या लग्नापायी रान गहाण पडू नये, हा विचार त्यात होता. घरादारातील बाया-माणसांच्या साथीशिवाय भूमिगतांचा एक दिवस निभला नसता. नानांच्या कन्या हौसाताई पाटील स्वतः या कामात होत्या. त्या २०२१ साली गेल्या.

जून २०१७ मध्ये गोपाळकृष्ण गांधी यांच्या हस्ते भाऊंचा शेणोलीला सत्कार झाला. २०१८ साली देशभरचे शेतकरी दिल्लीला निघाले, तेव्हा शहाण्णव वर्षांच्या भाऊंनी त्यांना पाठिंबा कळवला. शेणोलीत रुळाशेजारी तुफान सेनेचे छोटे स्मारक आहे. त्या बाजूला जाणे झाले तर वाट वाकडी करून पाहून यावे. नातवंडांना बरोबर न्यावे.